आनफिनच्या पेशी चांगल्या होत्या

हे आधीच सांगून टाकते, कारण कागदावर बरोबर उलटं लिहिलंय आणि त्या कागदाखाली सही माझी आहे. आनफिनच्या पेशी चांगल्या होत्या. एकवीस वर्षं मी इस्पितळाच्या तळघरात माणसांच्या पेशी वाढवते आहे. आळशी पाहिल्या, हट्टी पाहिल्या, दोन दिवसांत माना टाकणाऱ्या पाहिल्या. एकाहत्तर वर्षांच्या माणसाच्या इतक्या गुणी पेशी मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

आनफिन चौतीस वर्षं फेरीबोटीवर होता. गाड्या आत घ्यायच्या, ओळीनं लावायच्या, फ्योर्डच्या खाडीपलीकडे नेऊन सोडायच्या. ऑक्टोबरात त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. हृदय सुधारलं, पण छाती उघडायला जो छेद घेतला होता त्यात जंतू शिरले. दोनदा छाती पुन्हा उघडून धुतली. चार महिने औषधं झाली. फेब्रुवारीत जंतू एकदाचे गेले, जखम मात्र मिटेना. साखरेचा आजार होताच. छातीच्या मधोमध अंगठा जाईल एवढं भोक, त्यात स्पंज, स्पंजातून नळी आणि नळी खांद्याला लटकवलेल्या पंपात. जखमेतली घाण ओढणारा तो पंप सारखा घुरघुरायचा. आनफिन त्याला ‘माझं मांजर’ म्हणायचा.

आमच्याकडे अशा जखमांवर एक अभ्यास चालू होता. रुग्णाच्या पोटावरची चमचाभर चरबी काढायची, तिच्यातल्या मूळपेशी वेगळ्या करायच्या, त्या तळघरात वाढवून कोट्यवधी करायच्या आणि जखमेच्या कडांना सुईनं टोचायच्या. त्या पेशी तिथं जाऊन मांस बनतात असं वर्तमानपत्रवाले लिहितात. तसं काही नसतं. त्या आजूबाजूच्या सुस्तावलेल्या पेशींना कामाला लावतात, चांगल्या मुकादमासारख्या. बारा रुग्णांपैकी सहा झाले होते, त्यातल्या चौघांच्या जखमा मिटल्या होत्या. आनफिन सातवा.

हे जमलं नाही तर त्याच्यापुढे एकच वाट होती. छातीचं सडकं हाड काढायचं आणि पाठीचा स्नायू पुढे फिरवून भोक बुजवायचं. पाच-सहा तासांची भूल. त्याचं हृदय बघून भूलतज्ज्ञानं दोनदा नाही म्हटलं होतं.

चरबी काढायची वेळ आली तेव्हा सुन्निवाला, म्हणजे वॉर्डातल्या तरुण डॉक्टरणीला, त्याच्या पोटावर ती सापडेना.

“चरबीच मागायची होती तर माझ्या बहिणीकडे मागायची,” आनफिन म्हणाला. “ती तीन इस्पितळांना पुरून उरेल.”

तीन ठिकाणी टोचून जेमतेम चमचा भरला. तो चमचा माझ्याकडे तळघरात आला. चोवीस दिवस मी त्या पेशी सांभाळल्या. दर तिसऱ्या दिवशी जुनं पाणी काढून त्यांना नवं खाद्य द्यायचं, मग रविवार असो की आणखी काही. चोविसावा दिवस ईस्टरच्या आधीचा बुधवार होता. हे मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना ठाऊक होतं. अभ्यासाचा प्रमुख, गाउते, यानं स्वतः तारीख लिहिली होती, वेळसुद्धा. दुपारी एक.

आता आमच्याकडे ईस्टरच्या आधीच्या बुधवारी दुपारी बाराला देशाचं शटर खाली येतं. संत्री, चॉकलेटं आणि खुनाच्या कादंबऱ्या गाडीत भरायच्या, टपावर स्की बांधायच्या आणि डोंगरातल्या झोपडीकडे सुटायचं. फेब्रुवारीपासून जो तो म्हणत असतो, ईस्टरनंतर बघू. दुखरा दात ईस्टरनंतर, गळका नळ ईस्टरनंतर, घटस्फोटसुद्धा ईस्टरनंतर. मीही म्हणते. पण पेशींना सुट्ट्या कळत नाहीत.

बुधवारी सकाळी साडेदहाला मी मोजणी केली. शंभरातल्या चौऱ्याण्णव पेशी जिवंत. ऐंशी असल्या तरी चालतं. आकडा लिहिला, सही केली, पिशवी बंद केली. अकरापासून सहा तास, म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत त्या टोचायला हव्यात, त्यानंतर मरायला लागतात. निळी पेटी घेऊन मी वर गेले.

आनफिन उपचाराच्या खोलीत शर्टाची बटणं सोडून बसला होता, पांघरुणाखाली. शेजारी सुन्निवा.

“आल्या का माझ्या पोरी?” त्यानं पेटीकडे बघून विचारलं.

“आल्या. चौऱ्याण्णव मार्क मिळवून आल्या,” मी म्हटलं.

हे वाक्य मी बोलले होते. पुढं त्यानं ते खरं मानलं नाही, कारण छापील कागदावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

एक वाजला. सव्वा वाजला. गाउतेचा पत्ता नाही. त्याच्या खोलीला कुलूप. शेवटी मी फोन लावला.

“अगं तोरहिल्ड! हॅपी ईस्टर!” मागं पोरांचा कालवा चालला होता.

“कुठं आहेस तू?”

“स्तोरनेसच्या धक्क्यावर, फेरीच्या रांगेत. का गं?”

“का गं काय? आनफिन शर्ट काढून बसलाय. पेशी पेटीत आहेत.”

क्षणभर नुसती पोरंच ऐकू आली.

“पण ते आपण ईस्टरनंतर ठरवलं ना?”

“कुणी ठरवलं?”

“मी सोमवारी बोललो होतो. कॉफीच्या मशिनपाशी.”

“कुणाशी?”

“असतील की तिथं कुणीतरी.”

गाउते हा इस्पितळातला सगळ्यात गोड माणूस आहे, हे सांगायला हवं. कुणाचा वाढदिवस विसरत नाही, केक स्वतः भाजून आणतो, सफाईवाल्या बाईच्या नातवाचं नाव त्याला पाठ असतं. गोड माणसावर चिडणं फार कठीण. चिडणाराच वाईट दिसतो.

“परत ये,” मी म्हटलं. “पाऊण तासाचा रस्ता. सव्वादोनला पोचशील. पाचपर्यंत वेळ आहे.”

“अगं पण मी रांगेत अडकलोय. पुढं गाड्या, मागं गाड्या. वळायला जागाच नाही. इच्छा असून काय उपयोग?”

“मग सुन्निवा टोचेल. तू फोनवर राहा.”

“तिचं नाव यादीत नाही.”

हे खरं होतं. पेशी कुणी टोचायच्या याची एक यादी असते आणि तिच्यात दोनच नावं होती. दुसरा डॉक्टर नुकताच बाप झाला होता, तो ऑगस्टपर्यंत रजेवर.

“मग घाल नाव. आत्ता. फोनवरून लिहून पाठव.”

“असं घाईघाईनं नाव घातलं तर औषध खातं उद्या सगळा अभ्यास बंद करेल. एका डोसपायी मी बारा जणांना धोक्यात घालू? तूच सांग. आणि हे बघ, आनफिनला तू काही बोलू नकोस. मी बोलेन त्याच्याशी नीट. तू फक्त… थांब, रांग हलली.”

फोन बंद झाला. पुन्हा लावला, लागला नाही. सात वेळा लावला. डोंगरात रेंज नसते, म्हणूनच तर लोक तिथं जातात.

उंटावरून शेळ्या हाकणं मी पुष्कळ पाहिलंय, पण हा तर उंट घेऊनच पळाला होता.

सुन्निवा आणि मी बाहेरच्या खोलीत उभ्या होतो, मधे टेबलावर निळी पेटी. सुन्निवानं अशा जखमांच्या कडांना आयुष्यात शेकडो सुया टोचल्या असतील. हे इंजेक्शन त्यांच्याहून वेगळं नव्हतं.

“मी टोचू शकते,” ती हळूच म्हणाली. “वीस मिनिटांचं काम.”

“यादीत नाव नाही तुझं.”

हे मी म्हटलं. गाउते नाही, मी. ज्या बाईनं चोवीस दिवस त्या पेशींना खाऊ घातलं तीच. त्या क्षणी मी पेटी उघडून तिच्या हातात दिली असती तर तिनं टोचलं असतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण आमच्या हाडात याद्या भिनल्यात. रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला उभी राहणारी माणसं आम्ही, मागून घर जळत आलं तरी आधी दिवा बघणार. नावं घालायचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला आम्ही फोन केले. एकूण अकरा. नऊ लागले नाहीत. एकीनं ‘ईस्टरनंतर’ म्हटलं. एकजण बर्फावर घसरून पाय मोडून दुसऱ्याच इस्पितळात पडला होता.

पाच वाजले.

मी आत गेले. आनफिननं बटणं लावून घेतली होती. सहा तास तो माणूस त्या खुर्चीत बसला आणि एकदाही बेल दाबली नाही.

“आज नाही जमत,” मी म्हटलं. जास्त काही बोलायचं नव्हतं ना मला! गोड माणसानं सांगितलं होतं.

“ईस्टरनंतर, होय ना?” तो म्हणाला. “हरकत नाही.” मग पिशवीतून संत्रं काढून त्यानं माझ्या हातात दिलं. “तुझं जेवण राहिलं असेल.”

ते संत्रं मी तळघरात जाऊन खाल्लं. लाज वाटत होती आणि भूकही लागली होती.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी गाउते तळघरात आला. उन्हानं चेहरा तांबूस रापलेला, डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे गोल. सगळं इस्पितळ त्या दिवशी असंच दिसत होतं. त्यानं माझ्या टेबलावर घरी केलेला केक ठेवला.

“वाईट झालं गं,” तो म्हणाला. “फार वाईट वाटलं मला. आता तो नोंदीचा फॉर्म भरायचाय. पिशवी आहे अजून?”

“फ्रिजमध्ये आहे. सहा दिवस झालेत.”

“एकदा मोजून देशील? फॉर्मला सध्याचा आकडा लागतो.”

वरातीमागून घोडं, मला वाटलं. मेलेल्यांची शिरगणती करून काय मिळणार? पण फॉर्मला लागतो म्हटल्यावर आमच्यासारख्यांचे हात आपोआप चालतात. मी मोजलं. शंभरातल्या एकतीस. आकडा लिहिला, सही केली, कागद त्याच्या हातात दिला. केक खाल्ला नाही एवढीच काय ती माझी अक्कल.

जाताजाता तो दारात म्हणाला, “आणि सातव्या रुग्णाच्या टाकीतल्या कुप्या शुक्रवारपर्यंत नष्ट कर. त्याची फाईल बंद करतोय.”

प्रत्येक रुग्णाच्या थोड्या पेशी आम्ही सुरुवातीलाच गोठवून ठेवतो, द्रव नायट्रोजनच्या टाकीत. आनफिनच्या चार कुप्या होत्या. एक वितळवली तर अडीच आठवड्यांत नवा डोस तयार होतो, पुन्हा चरबी काढावी लागत नाही. मी विचारलं, “बंद का?” पण तो जिन्यावर पोचला होता आणि वरून कुणाला तरी “काय रापलायस रे!” म्हणत होता.

गुरुवारी दुपारी कॅन्टीनच्या रांगेत कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. आधी घुरघुर ऐकू आली, मग आनफिन दिसला. पट्टी बदलायला आला होता.

“तुझी माफी मागायची होती,” तो म्हणाला.

“माझी? कशाबद्दल?”

“चोवीस दिवस राबलीस, आणि माझा मालच खराब निघाला.” तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “डिझेलच्या धुरात चौतीस वर्षं काढली. आणि पन्नाशीपर्यंत सिगरेटी. पेशी तरी काय करतील बिचाऱ्या? तू त्या दिवशी चौऱ्याण्णव म्हणालीस ते मला बरं वाटावं म्हणून, हे आता कळलं. चांगली आहेस तू.”

“कुणी सांगितलं खराब निघाला?”

त्यानं खिशातून पत्र काढलं. चार घड्या घातलेल्या. घड्या बघूनच कळत होतं की ते किती वेळा उघडून वाचलंय. इस्पितळाचा शिक्का, गाउतेची सही, भाषा एकदम मऊ. ‘दुर्दैवानं आपल्या पेशींची गुणवत्ता आवश्यक पातळीला पोचू शकली नाही. जिवंत पेशींचं प्रमाण ३१ टक्के आढळलं. त्यामुळे अभ्यासातला आपला सहभाग इथं संपत आहे. सोबत मोजणीची प्रत.’ प्रतीखाली माझी सही. ठसठशीत, वाचता येईल अशी. शाळेत माझ्या अक्षराला बक्षीस मिळायचं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती माझी जाताना वाटेत कुठंच थांबली नाही.

“इथंच बस,” मी त्याला सांगितलं. “हलू नकोस.”

“मी कुठं जातोय?” तो म्हणाला. “मला वाट बघायची सवय आहे.”

मी जिना चढून गाउतेच्या खोलीत शिरले. दार वाजवलं नाही.

“हे काय लिहिलंस तू त्याला?”

त्यानं पत्राकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. “बस ना. कॉफी घेतेस?”

“कॉफी घाल चुलीत! बुधवारी साडेदहाला चौऱ्याण्णव होत्या. तो आकडा कुठाय?”

“तोरहिल्ड, त्या पत्रात एक अक्षर खोटं नाही. एकतीस तूच मोजलेस. सही तुझीच आहे.”

“सहा दिवसांनी! मेल्यानंतर नाडी बघायला लावलीस मला.”

“आवाज खाली. हे बघ.” त्याचा आवाज इतका मऊ होता की मला त्याचाच राग आला. “डॉक्टर हजर नव्हता असं लिहिलं तर अभ्यास थांबेल. आठवा, नववा, दहावा, सगळे रांगेत आहेत. त्यांच्याही जखमा उघड्याच आहेत. पेशी निकषात बसल्या नाहीत असं लिहिलं तर कुणाचंच काही जात नाही.”

“आनफिनचं जात नाही?”

“त्याच्यावर स्नायूची शस्त्रक्रिया होईल. भूलवाल्यांशी बोललोय मी. ते या वेळी ‘बघू’ म्हणालेत.”

“कुप्या आहेत ना चार! पुन्हा वाढवते मी.”

“कशाच्या जोरावर? पेशी खराब म्हणून त्याला काढलं, आणि त्याच पेशींचा दुसरा डोस द्यायचा?” असं म्हणून त्यानं हात पसरले, जणू ही अडचण पावसासारखी आभाळातून पडली होती. “दमलीयस तू. चार दिवस सुट्टी घे. तू तर ईस्टरलाही इथंच होतीस.”

आधी चूक करायची, मग ती झाकायला दुसऱ्याच्या अंगातला दोष काढायचा, आणि वर आपल्यालाच दमलीयस म्हणायचं. चोराच्या उलट्या बोंबा असतात, पण बोंब एवढ्या हळू आवाजात मारणारा चोर मी पहिल्यांदाच पाहिला.

त्याच्या म्हणण्यात काही खोट नव्हती असं नाही, आणि सगळंच खोटं होतं असंही नाही. आठवी रुग्ण दोन पोरांची आई आहे, मला माहीत आहे. तळघरात उतरताना ती माझ्या डोक्यात होती. तरीसुद्धा मी संगणक उघडला आणि माझ्या नावानं नोंद लिहिली. साडेदहाला चौऱ्याण्णव. टोचणारा डॉक्टर गैरहजर. अकरा फोन. मंगळवारी सांगण्यावरून पुन्हा मोजणी, एकतीस. खाली लिहिलं की पेशींत काही दोष नव्हता. नोंद औषध खात्याकडे पाठवली, एक प्रत छापून घेतली आणि कॅन्टीनमध्ये गेले. तास झाला होता. आनफिन तिथंच बसला होता, समोर कॉफीचा रिकामा कप आणि कडेला न खाल्लेलं एकच बिस्किट, माझ्यासाठी ठेवलेलं.

मी त्याला सगळं सांगितलं. कॉफीचं मशीन, यादी, सुन्निवा. मी पेटी उघडली नाही हेही सांगितलं, ते सांगताना मात्र त्याच्याकडे बघता आलं नाही.

रिकामा कप त्यानं बाजूला सरकवला.

“म्हणजे चौऱ्याण्णव खरेच होते?”

“खरेच.”

“एकाहत्तराव्या वर्षी.” त्यानं छातीवर हात ठेवला, भोकाच्या जरा बाजूला. त्याचे डोळे भरून आले. “दोन दिवस मी आरशात बघत नाहीये, माहितीये? वाटायचं, आतून सगळं सडलंय आपलं.”

आणि मग त्यानं डोळे पुसून विचारलं, “तो अडकला होता म्हणालीस. कुठल्या रांगेत?”

“स्तोरनेसच्या धक्क्यावर. वळायला जागा नव्हती म्हणे.”

आनफिननं माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं, दुःख, लाज, समजूतदारपणा, ते सगळं एका दमात उतरलं. बिस्किट त्यानं खिशात घातलं आणि उठला.

“चल,” तो म्हणाला. “खोली दाखव त्याची.”

लिफ्टमध्ये फक्त पंप घुरघुरत होता. या वेळी मी दार वाजवलं, कारण आनफिन सोबत होता.

“आनफिन!” गाउते हात पुढं करून उठला. “बरं झालं आलास. बस, बस.”

आमच्याकडे राजा सोडला तर सगळ्यांना अरे-तुरेच असतं, त्यामुळे त्या ‘बस’मध्ये अपमान नव्हता. पण आनफिन बसला नाही, आणि हातही हातात घेतला नाही.

“बुधवारी धक्क्यावर कुठल्या ओळीत होतास?”

“काय?”

“स्तोरनेसला तीन ओळी असतात गाड्यांच्या. कुठल्या ओळीत होतास?”

गाउतेनं माझ्याकडे बघितलं. “डावीकडच्या, बहुतेक. का?”

“डावीकडच्या ओळीला लागून एक पट्टी आहे. रिकामी ठेवतात ती. रांगेतून परत फिरणाऱ्यांसाठी. दर मे महिन्यात मीच रंगवायचो ती.” आनफिनचा आवाज चढला नव्हता, पत्र त्यानं हातात धरलं होतं. “ईस्टरच्या बुधवारी तर ती हमखास लागते. इन्सुलिन विसरलेले, झोपडीची किल्ली विसरलेले. एका कुटुंबानं तर म्हातारीला पेट्रोलपंपावर विसरून आणलं होतं. सगळे त्या पट्टीवरून वळले. दोन मिनिटांच्या वर कुणाला लागली नाहीत. आणि शहराकडे येणारा रस्ता त्या दिवशी मोकळा असतो. चौतीस वर्षं माझी परतीची फेरी रिकामी आलीय.”

गाउतेचे पांढरे गोल एकदम जास्त पांढरे दिसायला लागले. म्हणजे बाकीचा चेहरा तांबडा झाला होता.

“मला… दिसली नसेल ती पट्टी.”

“पिवळी आहे,” आनफिन म्हणाला.

मग आनफिननं त्याच्याच पत्राच्या मागं त्याच्याच टेबलावरचं पेन उचलून एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्यापुढं सरकवला. ‘टाकीतल्या चार कुप्या माझ्या आहेत. नष्ट करायला माझी परवानगी नाही.’ खाली सही आणि तारीख. त्याच्याशेजारी मी माझ्या नोंदीची प्रत ठेवली.

गाउतेनं ती वाचली. “ही गेली तर अभ्यास थांबेल,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला लोण्याचा गोळा वितळला होता.

“गेली,” मी म्हटलं.

“आनफिन, पाच माणसं वाट बघतायत रे.”

“बघू देत,” आनफिन म्हणाला. “मी नाही बघितली? पण त्यांना तरी सांग कशाची वाट बघतायत ते.”

अभ्यास त्याच्या पुढच्या सोमवारपासून थांबलाय. आठव्या रुग्णाला मी स्वतः फोन करून कारण सांगितलं. ती रडली, मग मला वाट्टेल ते बोलली, आणि मी ऐकून घेतलं. गाउते अजून सगळ्यांना केक देतो, माझं टेबल सोडून. कुप्या टाकीत आहेत, चारही. आनफिनचं मांजर घुरघुरतंच आहे आणि भूलतज्ज्ञ अजून ‘बघू’च म्हणतोय.

काल औषध खात्याची माणसं आली होती. बैठकीला आम्ही सगळे होतो, सुन्निवासुद्धा. तिचं नाव यादीत घालायचं ठरलं. पेशी निर्दोष होत्या हे त्यांनी कागदावर मान्य केलं, आनफिनला पुन्हा घ्यायला हरकत नाही असंही म्हणाले. मी विचारलं, मग कुपी कधी वितळवू? अध्यक्षबाईंनी डायरी उघडली, पानं उलटली, आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, “आता मे संपत आला. हे आपण उन्हाळ्याच्या सुट्टीनंत…”

मी त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.